पाळीच्या वेळेला उघडणारे पाळणाघर हवे

संपादक महोदय,

मी अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करते आणि माझे पती सातपूरला फिरत्या पाळीत असतात. पहिल्या पाळीला ते सव्वासहालाच बाहेर पडतात, मला आठला निघावे लागते आणि घराजवळचे खासगी पाळणाघर मात्र नऊला उघडते. मधला तास आमच्या तीन वर्षांच्या मुलीला शेजारच्या आजी सांभाळतात, म्हणूनच माझी नोकरी टिकली आहे. मुलीला ताप असला की पाळणाघर तिला घेत नाही. मग रात्रपाळी करून आलेले तिचे वडील दिवसभर जागे राहतात आणि रात्री पुन्हा यंत्रावर उभे राहतात. अशा अवस्थेत यंत्रावर काम करणे किती धोक्याचे आहे, हे कोणत्याही कामगाराला सांगावे लागणार नाही.

मातृत्व लाभ कायद्यात 2017 मध्ये झालेल्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा दिली. यात संख्या एकूण कर्मचाऱ्यांची धरली आहे, केवळ स्त्रियांची नव्हे, आणि मला ते फार योग्य वाटते, कारण मूल सांभाळण्याची चिंता वडिलांनाही तेवढीच असते. परंतु अंबड-सातपूरमधील कितीतरी लघुउद्योगांत 50 माणसेही नसतात, त्यामुळे तेथील कामगारांना या तरतुदीचा काहीच उपयोग होत नाही.

कायद्याने अनेक आस्थापनांच्या सामायिक पाळणाघराला वाव दिलेला आहे. लहान कारखान्यांनीही याच मार्गाने एकत्र यावे, यासाठी ‘निमा’ व ‘आयमा’ या उद्योजक संघटनांनी पुढाकार घ्यावा आणि औद्योगिक विकास महामंडळाने वसाहतीतच जागा द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हे पाळणाघर पहिल्या पाळीच्या अर्धा तास आधी उघडले पाहिजे आणि दुसरी पाळी सुटेपर्यंत चालू राहिले पाहिजे. दहा ते सहा या कार्यालयीन वेळेचे पाळणाघर आमच्या कामाचे नाही. सुरुवातीला दोन्ही वसाहतींत मिळून एकच केंद्र काढले तरी चालेल, आणि त्यासाठी परवडेल असे मासिक शुल्क भरण्याची आमच्यासारख्या पालकांची तयारी आहे.

– एक कामगार माता, सिडको, नाशिक