बाफले संपले म्हणून सांगितलं असतं तरी चाललं असतं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आम्ही चौघं इंदूरहून नर्मदेकाठच्या महेश्वरला गेलो होतो, मी, आमचे हे, मुलगी आणि माझी 79 वर्षांची आई. आईचं लहानपण मंडलेश्वरला गेलं त्यामुळे नर्मदेवर जायचं म्हटलं की तिला वेगळाच हुरूप येतो. गुडघ्यांमुळे आता तिचं बाहेर पडणं वर्षातून एखाद्या वेळीच होतं. घाटाच्या पायऱ्या दोघांनी धरून उतरवाव्या लागल्या, पण उतरली, नदीत दिवा सोडला, आणि मग म्हणाली की परत जाताना कुठेतरी दाल-बाफले (डाळ आणि कणकेचे भाजलेले गोळे) खाऊया. दिवसभरात तिने मागितलं ते एवढंच.

म्हणून धामनोद सोडून इंदूरच्या वाटेवरचा डोंगरातला घाट चढायच्या आधी रस्त्यावरच्या एका रेस्टॉरंटमध्ये थांबलो. नाव लिहीत नाही, माझं भांडण कुणा एकाशी नाहीये. बाहेर मोठ्ठा बोर्ड होता, मालवी थाली, कंडे पे सिके बाफले, देसी घी. आईने तो बोर्ड मोठ्याने वाचला आणि तिचा चेहरा इतका खुलला की मी मेनूकार्ड उघडलंसुद्धा नाही, चार थाळ्या सांगितल्या. नंतर बघितलं तर मेनू बारा पानी, नूडल्स, पिझ्झा, मंचुरियन, पनीरचे चौदा प्रकार, आणि ही थाळी शेवटच्या पानावर कोपऱ्यात.

बाफला आला तो बोटाने दाबला तर चामड्यासारखा चिवट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, बाटी नुसती भाजतात, बाफला आधी हळदीच्या पाण्यात उकडतात आणि मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजतात, म्हणून तो हातात चुरला की भुगा झाला पाहिजे आणि तुपात बुडवला की तूप आतपर्यंत गेलं पाहिजे. आईला हे मंडलेश्वरच्या शेजारच्या काकूंनी शिकवलं होतं, त्या मालव्यातल्या होत्या, आणि आमच्या मराठी घरात संकष्टीच्या मोदकांइतकंच दाल-बाफल्याचंही कौतुक असायचं. आईने अंगठ्याने दाबून बघितलं, मग दोन्ही हातांनी तोडला. आत मधोमध थंडगार कच्ची कणीक, बोटांना चिकटणारी. वरची बाजू गरम होती म्हणजे सकाळचे बाफले मायक्रोवेव्हमधून काढून वाढले होते हे स्पष्टच होतं. वाटीतलं तूप टाळूला मेण लागल्यासारखं चिकटलं, देसी घी असं होत नाही हे मी 30 वर्षं घरी तूप कढवते त्या अनुभवावरून सांगते. आणि वरण! ज्या निमाडात, म्हणजे नर्मदेकाठच्या ह्याच भागात, बेडियाला मिरचीचा एवढा मोठा बाजार भरतो तिथे वरणाला लाल रंग होता पण तिखटपणाचं नाव नाही.

वाढणारा मुलगा सतरा-अठराचा असेल. त्याला विचारलं तर बिचारा हळूच म्हणाला, आंटी, नए बनाने में घंटा लगेगा, शाम को कोई बनाता नहीं. त्याच्यावर मी अजिबात रागावले नाही, त्याने खरं सांगितलं. हेच ऑर्डर घेताना सांगितलं असतं तर आम्ही पोळी-भाजी खाऊन आनंदाने उठलो असतो. आई म्हणाली राहू दे, आणि पापड आणि दही खाऊन हात धुतले. एवढ्या लांबून हौसेने आलेलं म्हातारं माणूस ताट सरकवतं तेव्हा पोटात तुटतं हो.

बिल आलं 1478 रुपये. 320 ची एक थाळी, वर 10 टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्या सगळ्यावर जीएसटी. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये तसं सांगितलंय आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टानेही तेच धरून ठेवलं. हे मॅनेजरला सांगितलं तर म्हणे सिस्टम में ही लगा हुआ है. आमच्या ह्यांनी तिथेच उभं राहून 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावायला घेतला तेव्हा कुठे नवीन बिल निघालं. वाचकांनी हा नंबर मोबाइलमध्ये ठेवावाच. पण खरं सांगू, ते पैसे परत मिळून मला काहीच बरं वाटलं नाही.

मला राहून राहून आपला इंदूरचा सराफा बाजार आठवत होता. दिवसा सोन्याची दुकानं, रात्री त्याच ओट्यांवर खाणं, आणि एकेका गाडीवर एकेकच पदार्थ, भुट्ट्याचा कीस म्हणजे कीस, गराडू म्हणजे गराडू. तिथला माणूस बारा पानांचा मेनू ठेवत नाही म्हणून त्याचा हात चुकत नाही. गावातल्या रेस्टॉरंटवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे, तुमच्याकडे येणारे आम्ही इंदूरचे लोक नूडल्ससाठी येत नाही हो, नूडल्स आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर मिळतात. आम्हाला तुमची अमाडीची (अंबाडीची) भाजी आणि ज्वारीची भाकरी द्या, बाफले दुपारी उकडून ठेवा आणि ऑर्डर आली की भाजा, वीस-पंचवीस मिनिटं थांबायला सांगितलंत तर आम्ही थांबू, आई तर तासभर थांबली असती. आणि नसतील तर बोर्डावर खडूने लिहा की आज बाफले नाहीत.

घरी पोचायला साडेदहा झाले. आईला भूक लागली होती पण ती बोलत नव्हती, मी कुकरला मुगाची खिचडी लावली, वरून घरचं तूप घातलं, आणि ती म्हणाली की पुढच्या रविवारी गच्चीवर गोवऱ्या पेटवू, बाफले मी करते, तू फक्त कणीक मळून दे.

आपली नम्र,
एक वाचक, सुदामा नगर, इंदूर