कवळ्याच्या माईंना, चारचौघांत

माई,

गोव्यात, फोंड्याजवळच्या कवळ्याला, तुमच्या शेजारच्या घरात पावसाळ्यात भाड्यानं राहून आम्ही सांगलीला पोहोचलो. आईनं उंबऱ्यात पाय ठेवल्याठेवल्या पहिला फोन तुम्हाला लावायला सांगितला आणि तुम्ही नेहमीसारखं "बरें, बरें, आता न्हाऊन जेवा" म्हणून अर्ध्या मिनिटात ठेवूनही दिलात. आभार मानायला फोनवर तुम्ही जागाच ठेवत नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांनी वाचावं असं. निघताना पाया पडले तर तुम्हीच म्हणालात ना, "म्हजे उपकार कसले गो? फुडें जो कोण भाड्यान येतलो, ताका सांग." तर सांगते.

खरं सांगू का, येताना मला वाटलं होतं, गोवा म्हणजे काय, एका रात्रीची बस. काम लॅपटॉपवर, आईला रोज शांतादुर्गेचं दर्शन, पावसाळ्यात भाडंही कमी. परक्या मुलखात जातोय असं डोक्यातही नव्हतं. पण अनोळखी घरात, जूनच्या पावसात, रात्री आठ वाजता दिवे गेले की माणूस दुसऱ्या देशात असतो. मेन स्विच कुठे ते ठाऊक नाही, मालक मुंबईला, आणि आई अंधारात बाथरूमच्या दाराशी उभी. मी मोबाईलच्या उजेडात 'गोवा वीज तक्रार' असं शोधत बसले होते. तेवढ्यात तुमच्या सोप्यावरून आवाज आला, "कितें जालें गो? तुमच्या एकट्यांची गेली की सगळ्यांची?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. माझ्या खिडकीतून तुमचा दिवा दिसत होता, तरी सुचला नव्हता. सगळ्या वाड्याची गेली असेल तर बिघाड लाईनवर. मग 1912 ला फोन करायचा, बिलावरचा ग्राहक क्रमांक सांगायचा, देवळापासून कितवं घर ते सांगायचं आणि मेणबत्ती लावून बसायचं. आपल्या एकट्याची गेली असेल तर बिघाड घरात, आणि तो निम्म्या वेळा आपल्यालाच सापडतो. तुम्ही छत्री घेऊन आलात, चपला दारात काढल्या आणि लगेच परत घातल्या. "ओल्या पायांनी बोर्डाला हात लावायचा नाही," म्हणालात. सगळे एमसीबी, म्हणजे घरातल्या एकेका भागाची वीज तोडणारे छोटे स्विच, खाली. मग ईएलसीबी, म्हणजे वीज कुठे गळली की सगळं घर बंद करणारा स्विच, वर. तो वर टिकला. मग एकेक एमसीबी वर करत गेलात, आणि चौथ्याला खटकन सगळं पुन्हा अंधारात. "हो चोर." पोर्चच्या दिव्याचा होल्डर होता तो. सकाळी झाकण उघडलं तर आत चमचाभर पाणी आणि मुंग्यांची अख्खी वसाहत. तो एक एमसीबी खाली ठेवून बाकीचं घर त्या रात्रीच उजळलं. मी तर मालकाला फोन करून भांडायच्या तयारीत होते.

आणखी एक गोष्ट तुम्ही त्याच रात्री सांगितलीत, ती मी आता सगळ्यांना ऐकवते. दिवे कधी एकदम नेहमीपेक्षा लख्ख झाले, पंखा जोरात फिरायला लागला, तर 'वा, आज व्होल्टेज चांगलं आहे' म्हणून कौतुक करत बसू नये. धावत जाऊन मेन पाडावा. फांदी पडून खांबावरची न्यूट्रलची तार तुटली की असं होतं आणि फ्रीज, टीव्ही, मॉडेम एका मिनिटात जातात. जुलैत तसं खरंच झालं. आमचा फ्रीज वाचला. मागच्या गल्लीतल्या एकांचा गेला.

पाण्याबद्दल काय लिहू? तुमच्यासारखी टाकी वाजवून पाहणारी बाई मी बघितली नाही. रोज संध्याकाळी बोटाची गाठ टाकीवर टकटक, आणि आवाजावरून सांगणार, "अर्धी." ओप्याच्या जलशुद्धीकरण केंद्रातलं पाणी फोंड्याला येतं, खांडेपार नदीवरून, आणि वर मोठा पाऊस झाला की नळाला चहाच्या रंगाचं येतं हे तुम्ही आधीच बजावलं होतं. ते गाळायचं, निवळू द्यायचं, मग खळखळ उकळी येऊ द्यायची. नुसतं कोमट करून उपयोग नाही. विहिरीचं पाणी भांड्यांना आणि आंघोळीला, पिण्याला नाही, मग ते कितीही गार आणि गोड लागो. मला तुमची दोन दिवसांचा साठा ठेवायची सवय आधी जरा अति वाटली होती. मग तुम्ही 2019 चा ऑगस्ट सांगितलात. खांडेपारजवळ मुख्य जलवाहिनी फुटली आणि फोंडा आणि पणजीकडचा तिसवाडी तालुका कित्येक दिवस कोरडे. बाहेर धो धो पाऊस आणि घरात प्यायला पाणी नाही. त्यानंतर मीही टाकी वाजवायला लागले. मला आवाज अजून कळत नाही तो भाग वेगळा.

गॅस तिसऱ्या आठवड्यात संपला, अर्थात रविवारी. घरच्या पत्त्याचा पुरावा माझ्याकडे नव्हता, कनेक्शन मालकाच्या नावावर. तुमच्यामुळे कळलं की पाच किलोचा छोटा सिलिंडर नुसतं ओळखपत्र दाखवून मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. इंडेनवाल्यांनी त्याचं नावच 'छोटू' ठेवलंय. सोमवारी तो आला. रविवारभर आम्ही पोदेराचे पाव आणि तुमच्याकडची भाजी यावर निभावलं, तेव्हा फारसं दुःख झालं असं म्हणता येणार नाही.

बाकीचं पटकन लिहिते. आल्या दिवशी वीज मीटरचा फोटो काढून ठेवायचा आणि जायच्या दिवशी परत, म्हणजे बिलावरून मालकाशी वाद नाही. भाडेकरूच्या पडताळणीचा पोलिसांचा फॉर्म मालकाकडून पहिल्याच आठवड्यात भरून घ्यायचा, कारण तो बंधनकारक आहे. कचऱ्याची गाडी कोणत्या वारी काय नेते ते शेजाऱ्याला विचारायचं.

आता आईच्या तापाचं. याबद्दल लिहिताना अजून हात जड होतो.

गुरुवारी संध्याकाळी ताप आला. मी शुक्रवारी सकाळी औषधाच्या दुकानातून अंगदुखीची गोळी घेऊन आले, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही, नुसतं 'अंग फार दुखतंय' सांगून. तुम्ही पेजेचं पातेलं घेऊन आलात, गोळीची पट्टी हातात घेतलीत, चष्मा वर करून नाव वाचलंत आणि ती पट्टी सरळ तुमच्या पदराच्या गाठीत बांधलीत. तीस वर्षं सरकारी नर्स म्हणून काढलेली बाई काय करते ते मला त्या क्षणी कळलं. "पावसात ताप आहे. डेंग्यू नाही असं कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल." आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन असलं काही घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे मला चाळिशीत पहिल्यांदा कळलं. मग तुम्ही आईच्या रोजच्या गोळ्यांचा डबा मागितलात. त्यात हृदयासाठीची, रक्त पातळ ठेवणारी गोळी होतीच. ती तुम्ही बंद करायला सांगितली नाही. "ती बंद कर म्हणणारी मी कोण? हा डबा घेऊन आजच डॉक्टरकडे जा." डॉक्टरांनीच ती काही दिवसांपुरती थांबवली.

आणि तुमचा दुसरा प्रश्न. "आज कितवा दिवस?" मी म्हणाले, दुसरा. तुम्ही कॅलेंडरवर गुरुवारी पेन्सिलनं एक लिहिलंत. एनएस-वन ही डेंग्यूची तपासणी पहिल्या पाच दिवसांतच नीट सांगते, नंतर दुसरी करावी लागते, म्हणून दिवस मोजायचे. शनिवारी फोंड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात रक्त दिलं. डेंग्यू निघाला.

मग सांगलीहून फोन सुरू. पपईच्या पानांचा रस द्या, किवी द्या, बकरीचं दूध द्या. प्लेटलेट किती, प्लेटलेट किती, एवढंच सगळ्यांना हवं होतं. तुम्ही मात्र रिपोर्टवर दुसऱ्याच ओळीवर बोट ठेवलंत, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण किती ते. तो चढायला लागला तर रक्तातलं पाणी बाहेर झिरपतंय असं समजायचं. आणि घरात करायचं काय? पेज, मिठाचा खडा, ओआरएस, आडसराचं पाणी, आणि लघवी किती वेळा झाली ते वहीत लिहायचं. आडसर म्हणजे शहाळं हे आईला तोवर पाठ झालं होतं.

सोमवारी ताप उतरला. मी इतकी खूश झाले की शिरा केला. तुम्हाला वाटीभर द्यायला आले तर तुम्ही शिऱ्याकडे पाहिलंही नाहीत. "पाचवा दिवस. आता खरं लक्ष ठेवायचं." ताप गेला की लोक निर्धास्त होतात, आणि डेंग्यूत बिघडतं ते नेमकं ताप उतरतानाच, पुढच्या एक-दोन दिवसांत. पोटात कळ, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त, विलक्षण सुस्ती किंवा तगमग. यातलं एक जरी दिसलं तर वाट बघायची नाही. सकाळी दहाला आई झोपलेली होती. मला वाटलं, बिचारी चार रात्री जागली आहे. तुम्ही तिला उठवून बसवलंत, पोटावर हात ठेवलात, ती कळवळली. सकाळपासून दोन उलट्या झाल्या होत्या, आणि मी त्या ओआरएसच्या नावावर खपवल्या होत्या.

108 ला फोन मी लावला, पण बोललात तुम्ही. मला पत्ता सांगता आला नसता. मी 'कवळे, फोंडा' एवढंच म्हणाले असते. तुम्ही आधी रुग्णाचं वय आणि काय होतंय ते सांगितलंत, मग देऊळ, मग उजवीकडचा चढ, मग निळं गेट. शेजारच्या मुलाला टॉर्च देऊन चढाच्या तोंडाशी उभं केलंत, भर सकाळी, कारण पाऊस असा की दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. गाडी येईपर्यंत पिशवीत आधार कार्ड, जुन्या चिठ्ठ्या, गोळ्यांचा डबा, चार्जर, एक चादर आणि रोख पैसे. "गोमेकॉत भायल्यांक पैसे पडतात," असं तुम्ही आधीच सांगून ठेवलंत. गोमेकॉ म्हणजे बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. 2018 पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे शुल्क आहे, आणि दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना, म्हणजे गोवा सरकारचा आरोग्य विमा, तिथल्या रहिवाशांची, आमची नाही. आमचा विमा होता म्हणून निभलं. आईचं वय 72, केंद्राच्या आयुष्मान योजनेचं, मोफत उपचारांचं वय वंदना कार्ड 2024 च्या ऑक्टोबरपासून सत्तर आणि त्यापुढच्या सगळ्यांसाठी आहे, आणि मी ते 'काढू सावकाश' म्हणून ठेवलेलं. त्याबद्दल तुम्ही जे बोललात ते इथे लिहीत नाही.

बाणस्तारीचा पूल गेला, जुनं गोवं गेलं, बांबोळीला पोहोचेपर्यंत तुम्ही आईचा हात सोडला नाही. गोमेकॉच्या दारात तुम्ही डॉक्टरांना एका दमात सांगितलंत, पाचवा दिवस, एनएस-वन पॉझिटिव्ह, कालचा हिमॅटोक्रिट इतका, दोन उलट्या, पोटात कळ, अमुक गोळी शनिवारपासून बंद. मी रडत होते, त्यामुळे बरंच झालं. चार दिवस सलाईन, तुमची पेज थर्मासमधून, आणि पाचव्या दिवशी आई वॉर्डातल्या बाईशी कुलदैवतांवरून वाद घालताना सापडली. बरी झाली हे मला तेव्हाच कळलं.

घरी आल्यावर तुम्ही पहिलं काम केलंत ते फ्रीज भिंतीपासून ओढायचं. मागचा, कॉम्प्रेसरवरचा ट्रे बाहेर काढलात. त्यात दोन बोटं पाणी आणि पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या. मी रोज संध्याकाळी दारं-खिडक्या लावून, धूप घालून बसत होते आणि दिवसा चावणारा डास माझ्याच स्वयंपाकघरात वाढत होता. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. ट्रे उन्हात, म्हणजे जे काय ऊन होतं त्यात, उपडा ठेवलात आणि दर शनिवारी हे करायचं म्हणालात. विहिरीत गप्पी मासे आहेत, कुंड्यांखालच्या बशा मी फेकल्या, पण तो ट्रे मला जन्मात आठवला नसता.

जाताना मी कपाटाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे. मेन स्विच जिन्याखाली, पोर्चचा एमसीबी चौथा, टाकीचा व्हॉल्व्ह मागे लिंबाजवळ, 108, 1912, फ्रीजचा ट्रे शनिवारी. 108 ला सांगायचा पत्ता तुमच्याच शब्दांत आहे, देवळापासून निळ्या गेटपर्यंत. छोटू भरून ठेवला आहे. अक्षर वाईट आहे, पुढच्या भाडेकरूला लागलं तर वाचून दाखवा.

आणि हो, तुमचा तो पितळी टॉर्च चुकून आईच्या बॅगेत आला. तिनं तो देवापाशी ठेवलाय, काढू देत नाही. दिवाळीनंतर दर्शनाला येतो तेव्हा घेऊन येते. सेल काढून ठेवले आहेत, गळतात म्हणून, तुम्ही सांगितलं होतं तसे.

तुमची,
निळ्या गेटातली