खेळाडूला नव्हे, मालकाला विचारा

महोदय,

अमेरिकी बेसबॉलमधला एखादा मोठा खेळाडू लॉस एंजेलिसचा डॉजर्स किंवा न्यूयॉर्कचा यांकीज अशा श्रीमंत संघाकडे गेला, की ‘पैशापुढे निष्ठा कसली’ अशी टीका सुरू होते. न्यू जर्सीत राहून बरीच वर्षे हा खेळ पाहणाऱ्या मला ती खेळाडूंवर अन्याय करणारी वाटते.

रोकी सासाकीचेच घ्या. हा २३ वर्षांचा जपानी पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) जानेवारी २०२५ मध्ये डॉजर्सकडे आला. पंचविशीच्या आतल्या परदेशी खेळाडूला किती रक्कम द्यायची, यावर लीगचीच मर्यादा आहे. त्याला मिळाले ६५ लाख डॉलर; जवळपास तेवढे इतर संघही देऊ शकत होते. तरी त्याने डॉजर्सच निवडले. तिथे ओहतानी आणि यामामोतो हे जपानी तारे होते, संघाने नुकतीच वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची अंतिम मालिका, जिंकली होती, आणि १९९५ मध्ये हिदेओ नोमोने जपानी खेळाडूंसाठी वाट रुंद केली ती याच संघातून. ओहतानीने तर ७० कोटी डॉलरच्या करारातले ६८ कोटी नंतर घ्यायचे ठरवले. जाहिरातींतून त्याला अमाप मिळते हे मान्य, पण संघाला आणखी चांगले खेळाडू घेता यावेत हाच त्यामागचा विचार होता. २०२४ पाठोपाठ २०२५ चे विजेतेपदही डॉजर्सनेच मिळवले.

इतिहासाची ओढही खोटी नसते. पिचर गेरिट कोल लहानपणी २००१ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये ‘यांकीजचा चाहता, कायमचा’ अशा अर्थाचा फलक घेऊन प्रेक्षकांत बसला होता. २०१९ मध्ये यांकीजशी करार झाल्यावर पत्रकार परिषदेत तो तोच फलक घेऊन आला. हुआन सोटो मात्र २७ विजेतेपदांचे यांकीज सोडून ७६ कोटी ५० लाख डॉलरसाठी न्यूयॉर्कच्याच मेट्स संघाकडे गेला. तेव्हा पैसा महत्त्वाचा नाही, असे मी म्हणत नाही.

पण नुसत्या इतिहासावर कोणी येत नाही, हे पिट्सबर्गच्या पायरेट्स संघाकडे पाहिले की कळते. होनस वॅग्नर आणि रॉबर्टो क्लेमेंटे या जुन्या दिग्गजांचा हा संघ, पाच विजेतेपदे, त्यातले शेवटचे १९७९ चे. आज पॉल स्कीन्ससारखा पिचर असूनही २०१५ नंतर त्यांनी प्लेऑफ (विजेतेपदासाठीची बाद फेरी) पाहिलेला नाही, आणि पगारावरचा त्यांचा खर्च वर्षानुवर्षे तळाच्या संघांत मोडतो. श्रीमंत संघांच्या उत्पन्नातला वाटा लहान शहरांतल्या संघांना मिळतो. तो मैदानावर का दिसत नाही, हा प्रश्न खेळाडूला विचारून काय उपयोग? तो तर आपल्या उमेदीच्या दहा-बारा वर्षांत जिंकता येईल अशी जागा शोधत असतो.

लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ पर्यंतचा आहे. पगारावर कमाल मर्यादा हवी, असे काही मालकांचे म्हणणे आहे. ती आणायचीच असेल, तर प्रत्येक संघाने किमान किती खर्च करायचा याचे बंधनही त्याच करारात घालावे.

– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी