कथानक विसरतं, कान आठवतात

महोदय,
आपल्या रविवार पुरवणीतली पुस्तक-परीक्षणं मी नेमाने वाचतो. त्यांत कथानक असतं, आशय असतो, लेखकाची भूमिकाही असते. पुस्तकात डोळ्यांना दिसतं काय, हे मात्र क्वचितच. जन्मभर मुद्रितशोधन केल्यामुळे असेल, पण माझं लक्ष तिकडेच जातं.

टॉलस्टॉयची ‘ॲना कॅरेनिना’ ही रशियन कादंबरी मी तरुणपणी वाचली. त्यातल्या शेतीवरच्या लांबलचक चर्चा कधीच पुसल्या गेल्या. पण ॲना पीटर्सबर्गच्या स्टेशनवर उतरते आणि नवऱ्याचे कान तिला एकाएकी खटकतात, ते कान अजून डोळ्यांसमोर आहेत. कान पूर्वीचेच, बदललेली ती. संसाराला तडा गेलाय, हे लेखकाला वेगळं सांगावंच लागत नाही. रशियन कथाकार चेखॉवने १८८६ साली भावाला पत्रातून हीच युक्ती सांगितली होती: चांदणी रात्र दाखवायची, तर बांधावर चमकणारी फुटक्या बाटलीची काच दाखव.

अर्थात, तपशील म्हणजे सामानाची यादी नव्हे. काही कादंबऱ्यांत खोलीतली वस्तू न् वस्तू मोजलेली असते आणि पात्र त्यांतल्या एकीकडेही बघत नाही. असली प्रुफं तपासताना माझे डोळे मिटायचे!

परीक्षकांना एकच विनंती. पुस्तकातला लक्षात राहिलेला एखादा तपशील परीक्षणात जरूर द्यावा. एकही आठवत नसेल, तर तसं लिहावं. पुस्तक घ्यायचं की नाही, ते माझं मी ठरवीन.

— एक निवृत्त मुद्रितशोधक