आठपट लांब सावली

स्टॉकहोम,
२२ डिसेंबर

तीर्थरूप बाबा व तीर्थरूप आई यांस साष्टांग नमस्कार.

पत्रास उशीर झाला, त्याबद्दल क्षमा असावी. माझी प्रकृती उत्तम आहे, काम नेहमीप्रमाणे चालू आहे आणि घर पुरेसे उबदार आहे, तेव्हा त्याविषयी अधिक लिहीत नाही. आई, तुझी खरी काळजी अंधाराची आहे, हे मला ठाऊक आहे. परवा बोलताना इथे दुपारचे चार वाजले होते आणि माझ्या खिडकीबाहेरचा काळोख पाहून तू बोलता बोलता एकदम गप्प झालीस. म्हणून आज त्याविषयीच सविस्तर लिहिते.

आज सूर्य सकाळी पावणेनऊच्या सुमारास उगवला आणि दुपारी पावणेतीनच्या सुमारास मावळला. दिवस जेमतेम सहा तासांचा. बाबा, तुम्ही म्हणालात की या दिवसांत सूर्य लांब जात असेल. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. जुलैमध्ये हेच अंतर सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटर होते. दिवस आखडतो तो पृथ्वीचा आस सुमारे २३.४ अंशांनी कललेला असल्यामुळे. सूर्याभोवती फिरताना हा कल बदलत नाही, आसाचे उत्तर टोक वर्षभर ध्रुवताऱ्याकडेच रोखलेले राहते, त्यामुळे कक्षेच्या एका बाजूला ते सूर्याकडे झुकलेले असते आणि दुसऱ्या बाजूला, म्हणजे आत्ता, सूर्यापासून फिरलेले असते.

दुपारी पावणेबाराला, सूर्य इथे सर्वांत उंच असतो त्या वेळी, मी मुद्दाम तळ्याकाठच्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिले. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश व्यापते. सूर्य त्या मुठीच्याही आत, क्षितिजापासून सात अंशांवर होता. माझी सावली बर्फावरून पसरत पलीकडच्या बाकापर्यंत गेली होती. मी ती पावलांनी मोजली, तर माझ्या उंचीच्या जवळपास आठपट भरली. आपल्याकडे वर्षातून दोनदा, एकदा मे महिन्यात आणि पुन्हा पावसाळ्यात ढगांआड, सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायांखाली नाहीशी होते. इथे तो डोक्यावर कधीच येत नाही.

पण आई, याची दुसरी बाजूही पाहा. आजच्या भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या जितका वर होता, तितकाच तो जूनच्या मध्यरात्री क्षितिजाखाली असतो, त्यामुळे त्या दिवसांत इथे पुरता अंधार होतच नाही. वर्षाचा हिशेब केला तर उजेडाचे तास तुमच्याकडे आणि माझ्याकडे जवळजवळ सारखेच भरतात, फक्त वाटणी वेगळी. शिवाय हिवाळ्यात पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असल्यामुळे उन्हाळ्यातल्या सूर्यासारखा उंचावरून जातो. बर्फावर त्याचा प्रकाश पडला की रस्ता स्पष्ट दिसतो. तेव्हा मी अंधारात चाचपडते आहे, असे कृपया कोणाला सांगू नकोस.

ऑक्टोबरपासून मी एक तास उशिरा फोन करते, ही तक्रार मात्र मला मान्य नाही. इथे मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोन वाजता सगळी घड्याळे एकदम तीनवर नेतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तीनची पुन्हा दोन करतात. म्हणून आपल्यातला फरक उन्हाळ्यात साडेतीन तासांचा आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा असतो. मी काम संपल्यावर त्याच वेळी फोन करते, तुमचे घड्याळ तेवढे पुढे असते. उन्हाळ्यातला उजेड संध्याकाळी वापरता यावा हा त्यामागचा हेतू. मला त्यात फारसा अर्थ दिसत नाही, कारण मार्चमध्ये इथला दिवस रोज पाच मिनिटांहून अधिक वाढतो आणि घड्याळाने केलेली एका तासाची उलथापालथ पृथ्वी बारा दिवसांत स्वतःच भरून काढते. युरोपीय संसदेने २०१९ मध्ये ही पद्धत बंद करण्याच्या बाजूने मत दिले होते, तरीही ती चालूच आहे.

बाबा, तुम्ही लहानपणी मला गच्चीवर ध्रुव दाखवायचात, तो क्षितिजापासून दोन मुठी वर असे. इथे तो सहा मुठी वर आहे, कारण ज्या जागी आपण असतो तिचे अक्षांश जितके, जवळपास तितकीच ध्रुवाची उंची. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तसे सगळे आकाश त्याच्याभोवती फिरताना दिसते, आणि तो इतका उंच असल्याने सप्तर्षी इथे मावळतच नाहीत. दक्षिणेकडचा अगस्ती मात्र इथे कधीच उगवत नाही. तो तुमच्याच वाट्याला आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तो स्पष्ट दिसतो का, ते पाहून कळवा. तुमच्या डोळ्यांत थेंब घालायला मी तिथे नव्हते, हे लिहिताना मला फार जड जाते.

वरच्या खोलीच्या कामाचे पैसे बँकेत जमा केले आहेत, ते परत करण्याची भाषा नको. दादाच्या लग्नाला फेब्रुवारीत मला येता येणार नाही. रजेसाठी दोनदा अर्ज केला, मिळाली नाही. दादाशी मी स्वतः बोलले आहे. तो रागावला नाही, त्याचेच अधिक वाईट वाटते. वहिनीला माझ्या वतीने आई, तूच काय ते दे. तुम्ही सुचवलेल्या स्थळाविषयी म्हणाल तर बोलायला माझी हरकत नाही, परंतु तो होकार समजू नये.

मे महिन्याच्या मध्यास तीन आठवड्यांसाठी येते आहे, तिकीट काढले आहे. तारे रोज चार मिनिटे लवकर उगवतात, म्हणून आज रात्री तुमच्या डोक्यावर असलेला मृग तोवर संध्याकाळीच मावळून गेलेला असेल आणि उत्तरेला सप्तर्षी वर आलेले असतील. बाबा, गच्चीवर एक सरळ काठी ओळंब्यात उभी करून ठेवा. सावली नाहीशी होईल त्या दुपारी मी तिथे असेन.

कळावे, लोभ असावा.

तुमची मुलगी