ड्रम उघडला की उडणारी ती धूळ : कामगारमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, सविनय नमस्कार.

कराडजवळ महामार्गाला लागून माझं ट्रकचं गॅरेज आहे. २४ वर्षं ब्रेकचंच काम करतोय. हातोडीने ठोकून चाकातला ब्रेकचा ड्रम निघाला की आत काळपट भुकटी साठलेली असते. मग कॉम्प्रेसरची नळी घ्यायची आणि हवा मारायची. क्षणात शेड धुरकटतं, शेजारी पाने पुसणारा पोरगा नाकाला बाही लावतो. नवं लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारी पट्टी, नीट बसत नसेल तर घासायचं, तेव्हा तर धूळ थेट तोंडावर. संध्याकाळी तेच कपडे अंगावर घेऊन घरी. बायको ते झटकून भिजत घालते.

उष्णता सोसावी म्हणून लायनरमध्ये वर्षानुवर्षं ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज घालत आले. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि फुप्फुसात रुतले की निघत नाहीत. फुप्फुस कडक होतं, कॅन्सर होतो, आणि तो कळायला तीस-चाळीस वर्षंही जातात. युरोपीय संघाने २००५ मध्येच यावर बंदी घातली. आपल्याकडे ते अजून बाहेरून येतं. नव्या गाड्यांची लायनरं बरीचशी ॲस्बेस्टॉसविना असतात, हे मान्य. पण सुट्या बाजारातल्या स्वस्त पुडक्यावर आत काय आहे, ते लिहिलेलंच नसतं.

माझे उस्ताद धाप लागून गेले. आधी दमा म्हणाले, मग टीबीची औषधं झाली. तुम्ही काम काय करता, हे एकाही डॉक्टरने त्यांना विचारलं नाही. त्यांना ॲस्बेस्टॉसनेच गाठलं असं मी म्हणत नाही. पण तपासलंच नाही, तर कळणार कसं?

ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या तब्येतीची नोंद ४० वर्षं जपा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितलंय. ते कारखान्यांना. माझ्याकडे चार माणसं. आम्ही कारखान्यात मोडत नाही, म्हणून आमच्या दारात कुणी निरीक्षक येत नाही.

दोन वर्षांपासून मी हवा मारणं बंद केलंय. साबणाचं पाणी फवारतो, ओल्या फडक्याने पुसतो, फडकं पिशवीत बांधून टाकतो. खर्च जवळजवळ नाही, वेळ तेवढा जातो. आयटीआयच्या पोरांना हे पहिल्याच महिन्यात शिकवा. लायनरच्या पुडक्यावर ॲस्बेस्टॉस आहे की नाही, ते मराठीत छापायला लावा. तो अधिकार केंद्राचा असेल तर तिथे आमच्या वतीने भांडा. आणि ग्रामीण रुग्णालयात गॅरेजवाल्यांची छाती तपासून नोंद ठेवायची सोय करा.

माझ्याकडचा धाकटा पोरगा १९ वर्षांचा आहे. त्याचा पहिला एक्स-रे या वर्षी निघाला पाहिजे, म्हणजे तो साठीला आला की डॉक्टरला ताडून बघायला काहीतरी हातात असेल.

आपला,
एक ब्रेक मेकॅनिक, कराड