मिरजेच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमना, डबेवाल्या काकूकडून

प्रिय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला काकू म्हणता आणि मी तुम्हाला मॅडम. वयानं तुम्ही माझ्या लेकीएवढ्या, तरी हे पत्र मी हात जोडूनच लिहिते आहे. सगळ्यांना वाचता येईल असं लिहायचं कारण आहे. पहाटेपासून ओट्याशी उभ्या असणाऱ्या किती तरी बायका कंबर धरून, पाय ओढत दिवस काढतात. तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्याही कानावर जावं, असं मनापासून वाटतं.

माझा डब्यांचा व्यवसाय तुम्हाला माहीत आहे. मिरज हे दवाखान्यांचं गाव. पेशंटबरोबर बाहेरगावाहून आलेले नातेवाईक, शिकायला राहिलेली मुलं, एकटे राहणारे म्हातारे, सगळ्यांची जेवणाची वेळ माझ्या हातावर. पावसाळ्याच्या तोंडावर पिठाचा डबा उचलताना कंबरेत उसण भरली. सासूबाई म्हणाल्या, पायाळू माणसाचा पाय लावून घे. गल्लीतला एक पायाळू पोरगा येऊन पाठीला पाय लावूनही गेला. पण थोड्याच दिवसांत कंबर बाजूला राहिली आणि डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या कडेनं, पोटरीच्या बाहेरून थेट अंगठ्यापर्यंत कळ जायला लागली. शिंक आली तरी जीव जायचा. संडासला बसता येईना. रात्री कुशी बदलताना तोंडात पदर धरायची मी, घरातले जागे होऊ नयेत म्हणून.

हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय काढायला सांगितला. कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी फाटून बाहेर आली आहे आणि पायाकडे जाणाऱ्या नसेवर दाब पडलाय, असं निघालं. डॉक्टर भले. पायातली ताकद बऱ्यापैकी शाबूत आहे, सहा आठवडे गोळ्या आणि फिजिओथेरपी करून बघू, मग ऑपरेशनचं ठरवू, म्हणाले. पण शेजारपाजारचं बोलणं तुम्हाला माहीत आहे. कुणी म्हणे आता वजन उचलणं जन्माचं बंद, कुणी म्हणे मणके बसवणाऱ्याकडे जा, एका झटक्यात बसवतो. तुमच्याकडे आले तेव्हा दुखण्यापेक्षा या बोलण्यानंच मी जास्त खचले होते. डबे बंद झाले तर घर कसं चालायचं, हे एकच डोक्यात.

पहिल्या दिवशी तुम्ही तपासलंत ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. आधी टाचांवर चालायला लावलंत, मग चवड्यांवर. पाय सरळ ठेवून वर उचललात आणि कळ कुठे निघते ते विचारलंत. टाचेच्या वरच्या शिरेवर हातोडीनं हलकेच मारून पाहिलंत. मग माझ्या अंगठ्यावर तुमचं बोट ठेवून म्हणालात, "काकू, अंगठा वर ओढा, मी खाली दाबते." उजवा तुम्हाला दबला नाही, डावा थोडा दबला. ते तुम्ही लपवलं नाहीत. दर खेपेला आधी हा अंगठा बघायचा, त्याची ताकद कमी होत गेली तर मी स्वतः तुम्हाला सर्जनकडे पाठवीन, असं सांगितलंत.

आणि मग माझ्या मुलाला बाहेर बसायला सांगून तुम्ही पडदा ओढलात. हळू आवाजात विचारलंत, लघवी नीट होते ना, झालेली कळते ना, बसायच्या जागी बधिरपणा नाही ना. इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मी होऊन कधी कुणाला सांगितलं नसतं. असं काही झालं, किंवा पाऊल लुळं पडायला लागलं, तर माझ्याकडे यायचं नाही, रात्र असो की सण असो, तडक मोठ्या दवाखान्यात जायचं, कारण तिथे तासातासाला किंमत असते, हे तुम्ही मराठीत कागदावर लिहून दिलंत. तो कागद आमच्या फ्रिजवर अजून चिकटवलेला आहे. माझ्या वाट्याला तसलं काही आलं नाही. पण नुसत्या लाजेपायी ज्या बायका हे बोलत नाहीत त्यांच्यासाठी त्या ओढलेल्या पडद्याचे आभार मला वेगळे मानायचे आहेत.

मला वाटलं होतं, आता मशीन लावतील, लाइटचा शेक देतील, वजन लावून कंबर ताणतील. तसं मी तुम्हाला मागितलंही. तुम्ही म्हणालात, "शेकानं बरं वाटत असेल तर घरी गरम पाण्याची पिशवी आहे ना? त्यासाठी मला पैसे कशाला देता?" ताणल्यानं गादी आत जाते असं काही सिद्ध झालेलं नाही, तुमचा वेळ आणि पैसा व्यायाम शिकण्यात जाऊ दे, हेही स्पष्ट सांगितलंत. रोज मशीनवर झोपवून महिनोन्‌महिने पैसे घेता आले असते तुम्हाला, आणि मी आनंदानं दिले असते. तुम्ही मात्र पहिल्या दिवसापासून, काकूंना माझी गरज उरू नये, याच बेतानं शिकवत होतात. माझ्या आभारातला सगळ्यात मोठा भाग यासाठी आहे.

माझ्या डोक्यातली भीती तुम्ही आकड्यांनी घालवलीत, ते एक बरं झालं. नुसतं "काही होत नाही, काळजी करू नका" म्हणाला असतात तर माझा विश्वास बसला नसता. तळताना करंजीची कड उकलून सारण बाहेर यावं तसं गादीच्या आतलं मऊ बाहेर आलंय, असं मला कळेल असं सांगितलंत. मग म्हणालात, हे बाहेर आलेलं शरीर स्वतःच जिरवतं. शरीरातल्या पेशी तिथे जाऊन ते हळूहळू खाऊन टाकतात. बऱ्याच अभ्यासांची गोळाबेरीज केली तेव्हा साधारण तीनातल्या दोन पेशंटमध्ये ते आपोआप कमी झालेलं दिसलं, आणि जास्त बाहेर आलेला तुकडा बहुधा जास्त जिरतो. हे ऐकून मी तुम्हाला परत विचारलं होतं, खरंच का म्हणून. २०१५ सालचं ते दुसरं संशोधनही सांगितलंत, ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा माणसांच्या एमआरआयचं. पन्नाशीच्या अशा ठणठणीत लोकांतही शंभरातल्या साठ जणांची गादी फुगलेली निघते. त्या दिवसापासून मी रिपोर्टची पिशवी उशाशी ठेवायची सोडली.

ऑपरेशनबद्दलही तुम्ही एका बाजूचं बोलला नाहीत. नेदरलँड्समधल्या २००७ सालच्या अभ्यासात सायटिकाच्या, म्हणजे माझ्यासारखी कंबरेतून पायात कळ जाणाऱ्या, २८३ पेशंटपैकी निम्म्यांचं लवकर ऑपरेशन केलं आणि निम्म्यांना थांबवून ठेवलं. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर गेली. थांबलेल्यांतल्याही शंभरातल्या जवळपास चाळीस जणांना पुढे ऑपरेशन करावंच लागलं. पण वर्षाअखेरीला दोन्हीकडचे पेशंट सारखेच बरे होते. हे सगळं सांगून तुम्ही म्हणालात, कळ सोसत नसेल तर ऑपरेशन करून घेण्यात कमीपणा नाही, आणि थांबायचं असेल तर थांबण्यातही धोका नाही, फक्त अंगठ्यावर लक्ष ठेवू. निर्णय माझ्यावर सोडलात. आम्हा बायकांच्या शरीराचे निर्णय बहुतेक वेळा घरात दुसरंच कोणी घेतं, मॅडम. म्हणून हे फार लागलं मनाला.

व्यायाम काय, तर पालथं झोपायचं! मला पटेचना. तेव्हा तुम्ही न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेंझींची गोष्ट सांगितलीत. १९५६ साली वेलिंग्टनला त्यांच्या दवाखान्यात एक पाय दुखणारा पेशंट आला. आधीच्या पेशंटसाठी टेबलाची डोक्याकडची बाजू वर करून ठेवलेली होती. हा गडी तसाच त्यावर पालथा झोपला, कंबर मागे वाकलेली. मॅकेंझी आत येऊन बघतात तर पेशंट म्हणतो, आज पायाला फार बरं वाटतंय. तिथून त्यांनी कुठल्या हालचालीनं कळ पायातून वर सरकते ते शोधायला सुरुवात केली. मात्र लगेच हेही बजावलंत, की पालथं झोपणं प्रत्येकाला मानवत नाही. कोणाची कळ त्यानं पायात आणखी खाली उतरते, मग तो व्यायाम त्याचा नव्हे. म्हणून हे पत्र वाचणाऱ्या कुणी माझं बघून घरी सुरू करू नये, आधी नीट तपासून घ्यावं.

आधी नुसतं पालथं, मग कोपरांवर, मग तळहात टेकून छाती वर आणि कंबर सैल. तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं की पाय सुटेल आणि कंबर जास्त धरेल, तेव्हा घाबरायचं नाही, ते बरं होण्याचं लक्षण. आणि अगदी तसंच झालं. आधी पाऊल सुटलं, मग पोटरी, मग मांडी. कंबर मात्र अशी धरली की आधी सांगितलं नसतंत तर मी व्यायाम टाकूनच दिले असते. सासूबाई म्हणाल्या, बघ, वाढवून ठेवलं. मी म्हटलं, नाही, आमच्या मॅडमनी सांगितलंय, हे असंच होतं.

आता तुमच्या त्या रविवारच्या येण्याबद्दल. फिजिओ पेशंटच्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहते हे मी कधी ऐकलं नव्हतं. तुम्ही आलात, चहासुद्धा नंतर म्हणालात, आणि मला म्हटलंत, रोज करता तसं सगळं करून दाखवा. मी जमिनीवर बसून परातीत कणीक तिंबली, खाली वाकून पातेली काढली, सिलिंडर ओढला. तुम्ही वहीत लिहीत होतात. मग एकेक बदललंत. परात जमिनीवरून टेबलावर आली. ओटा बुटका म्हणून पोळपाटाखाली लाकडी खोकं आलं. लाटताना एक पाऊल पाटावर, थोड्या वेळानं दुसरं. जड पातेली खालच्या फळीवरून कंबरेच्या उंचीला. गॅससकट भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास जातो, तो उचलायचा नाही, काठावर तिरका करून गोल फिरवत न्यायचा, आणि तेही माझ्याऐवजी मुलानं. झाडूचा दांडा माझ्या पाठीला लावलात, डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही टेकलेली ठेवून खुब्यातून वाकायला शिकवलंत. पन्नास वर्षं मी कंबरेतूनच वाकत आले होते.

त्यातलं सगळ्यात उपयोगी पडलं ते पहाटेचं. रात्रभर आडवं पडल्यावर गाद्या पाणी ओढून टरारतात, म्हणून माणूस सकाळी सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर उंचसुद्धा असतो. अशा वेळी वाकलं की गादीवर ताण जास्त येतो. आणि मी तर उठल्या उठल्या पहिल्यांदा कणीकच मळायला घ्यायची! तुम्ही क्रम उलटा केलात. उठल्यावर अंगणात चालणं, मग उभ्यानं भाजी चिरणं, फोडण्या, आणि तासाभरानं कणीक, तीही दोन वेळा थोडी थोडी. खर्च काही नाही, औषध नाही. फरक मात्र आठवड्याच्या आतच दिसला.

गौरी-गणपतीत मोदकांची ऑर्डर मोठी होती आणि कळ परत पोटरीत उतरली. मी रडतच फोन केला होता. तुम्ही रागावला नाहीत. सगळं पाण्यात गेलं असं समजू नका, दोन दिवस काम निम्मं करा आणि पहिल्यापासून पालथं झोपणं सुरू करा, म्हणालात. कळ वर सरकली. त्यानंतर तुम्ही ताकदीचे व्यायाम वाढवलेत, हातगुडघ्यांवर येऊन उजवा हात-डावा पाय लांब करायचा तो, आणि कुशीवर कोपर टेकून कंबर उचलायची तो. नवरात्र येईपर्यंत अंगठा तुमच्या बोटाला दबेनासा झाला. त्या दिवशी माझ्याआधी तुम्हीच टाळी वाजवलीत.

आज माझे डबे पूर्वीएवढेच जातात. अंगठ्याच्या कडेला थोडा बधिरपणा आहे, तो जायला वेळ लागतो, कधी थोडा राहतोही, हे तुम्ही सांगितलेलं आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही.

दोन विनंत्या आहेत. आमच्या बचत गटातल्या बायकांना एकदा ते दांडा लावून वाकणं आणि फ्रिजवरच्या कागदातलं सगळं तुमच्या तोंडून ऐकायचंय. चटया आणि जागा मी बघते, वार तुम्ही सांगा. आणि दुसरं, दुपारी तुम्ही दोन पेशंटच्या मधे बिस्किटं खाऊन राहता हे मी पाहिलेलं आहे. सोमवारपासून तुमचा डबा येईल. पैशांचं बोलायचं नाही. भाकरी पाठवू की चपाती, तेवढं मुलाजवळ सांगा.

तुमची,
काकू